गेम तुमचा, दुकान त्यांचं: छोट्या डेव्हलपर्सची खरी अडचण ३० टक्के नाहीच

२ डिसेंबर २०२५ ला 'हॉर्सेस' नावाचा एक छोटा हॉरर गेम रिलीज झाला. बनवणारा स्टुडिओ इटलीतला, सांता राजोने. गेम काही तासांचा, किंमत पाच डॉलरच्या आसपास. पण पीसी गेम्स विकणारं जगातलं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम, आणि नेमका तिथेच तो मिळत नव्हता. रिलीजच्या आदल्या दिवशी एपिक गेम्स स्टोअरनेही नकार दिला.

स्टीमचा नकार मात्र २०२३ सालचा होता. गेम तेव्हा अर्धवट होता. त्यातला काही आशय अल्पवयीन पात्रांबाबतचे आपले नियम मोडतो, असं स्टीमने कळवलं. स्टुडिओचं म्हणणं, गेममधली सगळी पात्रं प्रौढ आहेत आणि शंका येईल असा प्रसंग आम्ही बदललाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलं की आम्ही गेम खेळून पाहिला, आपसात चर्चा केली आणि आमचं अंतिम उत्तर 'नाही' आहे.

कोण बरोबर, गेम चांगला की वाईट, हा या लेखाचा मुद्दा नाही. मुद्दा पुढचा आहे. स्टीमवर गेम येणार नाही म्हटल्यावर पैसे लावायला कुणी पब्लिशर तयार होईना, आणि स्टुडिओ बंद पडू शकतो असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. कायद्याने गेमवर बंदी घातली नव्हती. इतर दुकानांत तो मिळत होता. तरीही एका दुकानाचा 'नाही' कंपनी बुडवायला पुरेसा ठरत होता. बंदीची बातमी जगभर झाली आणि जीओजी या दुसऱ्या दुकानात तो जोरात विकला गेला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण प्रत्येक छोट्या गेमच्या नशिबी अशी बातमी नसते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. म्हणजे अशी एकच गोष्ट, की जी बंद पडली तर सगळं बंद. सर्व्हर डिझाइन करताना आम्ही हे टाळायला जिवाचं रान करतो. इंडी गेम डेव्हलपरचा अख्खा धंदा मात्र अशाच एका खांबावर उभा असतो.

दुकानाने दिलं काय?

आधी दुकानाची चांगली बाजू बघू, कारण ती खरी आहे.

स्टीम २००३ मध्ये सुरू झालं, तेही मुख्यतः व्हॉल्व्हच्या स्वतःच्या गेम्सना अपडेट देण्यासाठी. २००५ पासून तिथे इतरांचे गेम्स विकायला लागले. त्याआधी गेम विकायचा तर डिस्क छापा, खोके बनवा, वितरक शोधा, दुकानात जागा मिळवा. दोन-चार जणांच्या टीमला ते शक्यच नव्हतं. आज १०० डॉलर भरले की स्टीमवर एका गेमचं पान उघडता येतं, आणि गेमने १,००० डॉलरची कमाई केली की ते १०० डॉलर परतही मिळतात. डाउनलोड, पेमेंट, वेगवेगळ्या देशांतले कर, रिफंड, अपडेट, क्लाउड सेव्ह हे सगळं दुकान सांभाळतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम लक्ष्यापर्यंत पोचली नाही. तरी टीम टिकली, आणि २०२० मध्ये राजी आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन होतं. पुण्यातली टीम आणि गेम खेळणारे जगभर, हे या डिजिटल दुकानांशिवाय झालं नसतं.

म्हणजे दुकानं नसती तर इंडी गेम्सही आजच्यासारखे नसते. प्रश्न दुकान असण्याचा नाही, दुसरं दुकान नसण्याचा आहे.

३० टक्क्यांचं साधं गणित

या विषयावर बोलणं निघालं की सगळे आधी कमिशनवर येतात. तर ते उरकून घेऊ.

५०० रुपयांचा गेम धरा, कर बाजूला ठेवा. स्टीम ३० टक्के घेतं, म्हणजे १५० रुपये त्यांचे आणि ३५० तुमचे. ॲपल आणि गूगल प्लेवर वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना १५ टक्के पडतात, म्हणजे ७५ रुपये. एपिक गेम्स स्टोअरचा दर १२ टक्के, आणि जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर शून्य. इच डॉट आयओ या इंडी गेम्सच्या साइटवर तर दुकानाला किती द्यायचं ते डेव्हलपर स्वतः ठरवतो. काहीच बदललं नाही तर १० टक्के.

यातली एक गंमत बघा. स्टीमने २०१८ मध्ये कमिशन कमी केलं, पण कुणासाठी? ज्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर जाईल त्याला पुढच्या कमाईवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर २० टक्के. म्हणजे सवलत मोठ्यांना, आणि दोन खोल्यांत बसून गेम बनवणाऱ्याला पूर्ण ३० टक्के. मोठे स्टुडिओ स्वतःचं दुकान काढून निघून जाऊ शकतात म्हणून त्यांना थांबवायला ही सवलत. छोटा जाणार कुठे?

पण ३० टक्के निदान आधीपासून माहीत असतात. किंमत ठरवताना, बजेट मांडताना ते धरता येतात. धंदा बुडतो तो न धरलेल्या गोष्टीमुळे.

मग स्वस्त दुकानात का जात नाहीत?

कारण गिऱ्हाईक तिथे नाही.

समजा तुमचा ५०० रुपयांचा गेम स्टीमवर १,००० जणांनी घेतला. तुम्हाला साडेतीन लाख मिळाले. तोच गेम इचवर ४० जणांनी घेतला. तिथे एका कॉपीमागे ४५० रुपये सुटतात, पण एकूण होतात १८,०००. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण अशा दरीपुढे १० टक्के आणि ३० टक्के यांतला फरक किरकोळ होतो. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून जास्त लोक ऑनलाइन होते. त्यांची गेम्सची लायब्ररी तिथे, मित्र तिथे, अचीव्हमेंट्स तिथे. नवीन गेम दुसरीकडून घ्यायचा तर नवीन अकाउंट, नवीन लाँचर. कोण करतंय!

आणि स्टीमवर गेलात म्हणून दिसलात असंही नाही. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम्स आले, म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. त्यातला कुठला गेम होमपेजवर येणार हे अल्गोरिदम ठरवतो. म्हणून डेव्हलपर्स रिलीजच्या कितीतरी महिने आधीपासून "विशलिस्ट करा, विशलिस्ट करा" म्हणून मागे लागतात. विशलिस्ट जास्त, तर रिलीजच्या दिवशी दिसण्याची शक्यता जास्त.

पण ती विशलिस्ट डेव्हलपरची नसते. कोणी विशलिस्ट केलं, कोणी विकत घेतलं, त्यांचा ईमेल काय, यातलं काहीच स्टीम डेव्हलपरला देत नाही. प्रायव्हसीच्या दृष्टीने ते ठीकच आहे. परिणाम मात्र असा की पाच वर्षं काम करून दहा हजार चाहते जमवले, तरी उद्या दुकान सोडलं तर तुमच्या हातात एकाचाही पत्ता नाही. किराणा दुकानदार गाव बदलतो तेव्हा निदान उधारीची वही तरी सोबत नेतो.

किमतीचंही तसंच. स्टीम डेव्हलपरला गेमच्या 'की' फुकट काढून बाहेर विकू देतं, त्यावर कमिशनही घेत नाही. मुख्य अट ही, स्टीमच्या गिऱ्हाइकाला त्यापेक्षा वाईट सौदा मिळता कामा नये. स्टीमची की नसलेली आवृत्ती दुसऱ्या दुकानात स्वस्त विकली तरी व्हॉल्व्ह अडवतं, असा आरोप वुल्फायर गेम्स या अमेरिकन इंडी स्टुडिओने २०२१ मध्ये कोर्टात केला. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने या दाव्याला क्लास ॲक्शनचा दर्जा दिला, म्हणजे इतर डेव्हलपर्सच्या वतीनेही तो चालेल. आरोप खरा ठरला तर त्याचा अर्थ मोठा आहे: कमी कमिशनच्या दुकानात गेम स्वस्त ठेवताच येत नसेल, तर गिऱ्हाईक तिकडे जाणार तरी कशाला?

दुकानदाराच्याही वरचे मालक

जुलै २०२५ मध्ये अजून एक पदर उघडा पडला. स्टीमने नियमांत एक ओळ घातली: पेमेंट प्रोसेसर, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा आशय चालणार नाही. त्यानंतर प्रौढांसाठीचे बरेच गेम्स तिथून गेले. आठवड्याभरात इच डॉट आयओने प्रौढ आशयाचे सगळेच गेम्स आपल्या सर्चमधून काढले. मागे कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियन संघटनेची मोहीम होती. त्यांनी थेट पेमेंट कंपन्यांवर दबाव आणला होता.

मास्टरकार्डने जाहीर केलं की आम्ही कुठला गेम तपासला नाही, कुठल्या गेमवर निर्बंध घालायला सांगितलं नाही. व्हॉल्व्हने सांगितलं की पेमेंट प्रोसेसर्सनी आमच्याशी बोलताना मास्टरकार्डच्याच नियमाचा हवाला दिला. म्हणजे कार्ड कंपनी बोट दाखवते खाली, दुकान बोट दाखवतं वर, आणि मधल्या डेव्हलपरला दाद मागायला खिडकीच नाही. इचच्या यादीत काही गेम्स असेही होते ज्यांत आक्षेपार्ह काही नाही असं त्यांच्या निर्मात्यांचं म्हणणं होतं. पण घाईत चाळणी मोठ्या भोकांची लागते. महिनाअखेरीस इचने फुकट असलेले प्रौढ गेम्स सर्चमध्ये परत आणायला सुरुवात केली. पैशांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

असे गेम्स तुम्हाला आवडत नसतील, तरी ही यंत्रणा लक्षात ठेवा. आज ती एका प्रकारच्या गेमवर चालली. उद्या कशावर चालेल हे ठरवणारे लोक तुम्ही निवडून दिलेले नाहीत.

फोनवर तर वाट अजून अरुंद

आपल्यापैकी बहुतेक जण गेम खेळतात ते अँड्रॉइड फोनवर. तिथे दुकान म्हणजे प्ले स्टोअर.

एकट्याने गेम बनवणाऱ्याची सुरुवातच बघा. फी एकदाच २५ डॉलर, ती परवडते. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं पर्सनल अकाउंट असेल, तर रिलीजआधी ठरावीक लोकांनी सलग १४ दिवस टेस्टर म्हणून राहायला हवं. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये १२ झाली. कंपनीच्या अकाउंटला ही अट नाही. फसव्या ॲप्सना आळा घालायला हे केलंय, हेतू समजतो. पण कॉलेजमधल्या मुलाला बारा जणांना दोन आठवडे धरून ठेवणं म्हणजे काय ते विचारा. काढून टाकलेल्या ॲपचं पॅकेज नेम तर पुन्हा वापरताच येत नाही. रिव्ह्यू, इन्स्टॉल, ओळख सगळं गेलं, पुन्हा शून्यापासून.

दुकान शटर पाडतं तेव्हा काय होतं हे आपल्याकडे १ मार्च २०२४ ला दिसलं. सर्व्हिस फीच्या वादात गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढायला घेतली. त्यात भारत मॅट्रिमनी, शादी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम अशी घराघरात माहीत असलेली नावं होती. सुप्रीम कोर्टाने अंतरिम दिलासा नाकारला होता आणि कंपन्यांनी फी भरली नव्हती, ही गूगलची बाजू. पुढे केंद्रीय मंत्री मध्ये पडले, बैठका झाल्या आणि काही दिवसांत ॲप्स परत आली. या कंपन्यांकडे वकील होते, वर्तमानपत्रं होती, मंत्र्यांपर्यंत पोच होती. साताऱ्यातल्या एखाद्या मुलाचा कोडे सोडवायचा गेम उडाला तर कुणाची बैठक होणार?

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणासाठी गूगलला सुमारे ९३६ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो सुमारे २१६ कोटींवर आला. दरम्यान गूगलने भारतात दुसरी पेमेंट पद्धत ठेवायची मुभा दिली, पण फी कमी झाली फक्त ४ टक्क्यांनी. १५ चे ११. त्या चारात पेमेंट गेटवेचा खर्च आणि सपोर्टची कटकट तुमची. दार उघडलं खरं, पण बाहेर पडून काही हाती लागेल असं नाही.

मग प्ले स्टोअर टाळून थेट एपीके द्यायची? ही अँड्रॉइडची मागची वाट. इचवरचे कित्येक मोबाइल गेम्स असेच मिळतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲप्सच्या डेव्हलपर्सनाही ओळख पटवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून पुढे जगभर. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं अकाउंट, आणि टीका झाल्यावर जाणकारांसाठी धोका पत्करून इन्स्टॉल करायची सोय देऊ, असं गूगलने सांगितलं. बनावट बँकिंग ॲप्सनी लोकांचे पैसे जातात हे खरंच आहे. पण मागच्या वाटेवरही आता त्याच मालकाचा वॉचमन असेल.

मग बदलायला काय हवं?

कमिशन कमी करा ही मागणी सोपी आणि लोकप्रिय आहे. माझं मत वेगळं आहे. कमिशन १५ टक्के झालं आणि एका ईमेलने गेम उडवायची सत्ता तशीच राहिली, तर छोटा डेव्हलपर आज आहे तिथेच राहील.

दुकानाने काय ठेवायचं, काय नाही, हा त्याचा हक्क मला मान्य आहे. चोरीचा माल, फसवणूक, मुलांना धोका असलेल्या गोष्टी काढायलाच हव्यात. पण ज्या दुकानाशिवाय धंदाच होत नाही त्याच्यावर जबाबदारीही जास्त हवी: काढण्याआधी नोटीस, नेमकं कारण, बदल करून परत दाखवायची संधी आणि अपील ऐकणारा माणूस. हे काही स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून असा नियम लागू आहे. एखाद्या व्यावसायिकाची सेवा पूर्ण बंद करायची तर ऑनलाइन प्लॅटफॉर्मला साधारणपणे ३० दिवस आधी, कारणांसह कळवावं लागतं. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, पण त्याचा कायदा झालेला नाही. त्यावर चर्चा होते ती बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या दंडाची. छोट्याच्या नोटिशीची चर्चा व्हायला हवी.

एपिक ऑगस्ट २०२० पासून ॲपल आणि गूगलशी भांडत आली. फोर्टनाइट अमेरिकेतल्या आयफोनवर परत यायला मे २०२५ उजाडला. जवळजवळ पाच वर्षं! एपिकला ते झेपलं कारण तिच्याकडे फोर्टनाइट होता. दोन जणांच्या स्टुडिओला पाच आठवडेही थांबता येत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

थोडं, पण आहे. एखादा छोटा गेम आवडला तर रिव्ह्यू लिहा. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला 'पॉझिटिव्ह' वगैरे शेराच मिळत नाही, त्यामुळे अकरावा होण्यापेक्षा आठवा होणं जास्त कामाचं. गेम इचवर किंवा डेव्हलपरच्या साइटवर मिळत असेल तर तिथून घ्या. त्याची मेलिंग लिस्ट असेल तर ईमेल द्या. दुकान बंद झालं तरी तो तुम्हाला शोधू शकेल असा तो एकमेव धागा आहे.

आणि तुम्ही स्वतः गेम बनवत असाल, तर पहिल्या ट्रेलरच्या दिवशीच एक छोटं वेबपेज काढा आणि तिथे ईमेल गोळा करा. ब्राउझरमध्ये चालणारा डेमो ठेवा. गोडोसारख्या फुकट इंजिनमधून तो बनवता येतो. स्टीम किंवा प्ले स्टोअरवर जाच, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण दुसऱ्या एका दुकानातही पहिल्या दिवसापासून पान उघडून ठेवा, चार कॉपी विकल्या गेल्या तरी. दोनशे ईमेलची एक्सेल शीट दिसायला फालतू वाटते. पण गेमच्या आख्ख्या धंद्यात खरोखर तुमच्या मालकीची तेवढीच एक गोष्ट असते.